कंदील

मागच्या उन्हाळ्यात माझ्या विहिरीवरची केबल गेली. सकाळी आखाड्यावर गेलो तर स्टार्टरच्या पेटीखाली केबलचं कापलेलं तोंड लोंबत होतं. पुढं विहिरीपर्यंत काहीच नाही. आमच्या भागात हे आता नवं राहिलं नाही. वरचं प्लास्टिक जाळायचं, आतलं तांबं काढायचं आणि भंगारात किलोवर विकायचं. भुईमुगाला पाणी द्यायचं होतं, डोकं तापलं होतं. तसाच गाडीवर बसून तक्रार द्यायला गेलो. हवालदारानं नाव, गाव, गट नंबर लिहून घेतला आणि मान वर न करता विचारलं,

"मामा, कुणावर संशय?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. एका माणसाचं नाव नव्हे, पालांचं. आमच्या गायरानात पारध्यांची चार पालं आहेत. पाच-सहा वर्षांपासून ती माणसं तिथं राहतात. त्यातला एकजण मागच्या साली माझीच तूर राखत होता, आणि एका शेंगेचा फरक पडला नव्हता. हे सगळं मला माहीत होतं. तरी हवालदारानं विचारल्याबरोबर मन धावलं ते तिकडंच. धावलं म्हणजे विचार करून नव्हे. बैल जसा सवयीनं पाणंदीला वळतो तसं वळलं.

इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. पुढं पारधीही त्यात धरले गेले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. माझा जन्म त्याच्या नंतरचा. म्हणजे ज्या कायद्याच्या राज्यात मी एक दिवस जगलो नाही, तो माझ्या जिभेवर बसलेला होता.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. "कुणावर नाई," म्हणालो. हवालदारानं तसं लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी चोर सापडला. आमच्याच भावकीतलं पोरगं, मोबाईलवरच्या खेळात पैसे हरलेलं. घरातलं म्हणून प्रकरण घरातच मिटलं. पालांवरचा कुणी असता तर मिटलं असतं का, हे वाचणाऱ्यानंच ठरवावं.

त्या दिवशी मी नाव गिळलं त्याचं कौतुक सांगायला हे लिहीत नाही. एकदा मी गिळलं नव्हतं. ते सांगायचं आहे, आणि त्यासाठी आधी एका बैलाची गोष्ट सांगावी लागेल.

आम्ही देवणीकडची माणसं. आमच्या गावांच्या नावावर माणसं मोठी झाली की नाही ठाऊक नाही, जनावर झालं. देवणी गाय आणि देवणी वळू म्हटलं की दूरदूरची माणसं कान टवकारतात. स्थानिक जनावरात गीर आणि डांगी रक्त मिसळून ही जात झाली असं जाणकार सांगतात. बैल ओढकाम करतो, गाय दूधही देते. त्यात तीन रंग. तोंडाच्या बाजू काळ्या तो वानेरा, अंगावर काळे-पांढरे ठिपके तो शेवरा आणि पांढरा तो बालंक्या. आमच्याकडचं लेकरू पाढे पाठ करायच्या आधी हे ओळखतं.

पण जनावर पारखायची आमची एक रीत होती, ती अजून पुरती गेलेली नाही. पाय, खूर, दात बघायच्या आधी भोवरा बघायचा. कपाळावर कुठं आहे, पाठीवर कुठं आहे, एक आहे का दोन. अमक्या जागचा भोवरा लाभतो, तमक्या जागचा मालकाला खातो. बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा चाललेला असतो आणि एखादा दलाल हळूच म्हणतो, "पाठीवरचं बघितलाव का?" झालं. बैलाची किंमत तिथंच निम्म्यावर येते.

मी नववीत असताना आमच्या दावणीला एक वानेरा गोऱ्हा होता. दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, घरच्या गायीचा वाढवलेला. कामाला वाघ. एके दिवशी कुणीतरी पाहुणा आला आणि त्याच्या पाठीवरचा भोवरा बघून चुकचुकला. त्याच साली दादा माळवदावरून पाय घसरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. आता माळवद पावसानं निसरडं झालं होतं, ते सगळ्यांना दिसत होतं. पण भोवरा सापडला होता ना. मग आठवून आठवून सगळं त्याच्या नावावर गेलं. हरभऱ्याला घाटेअळी पडली ती, म्हैस आटली ती, माझा गणितात नापासाचा शेरा आला तोसुद्धा. त्याच काळात तूर चांगली पिकली होती, ती मात्र कुणी बैलाच्या नावावर धरली नाही.

त्या वेळी आमच्याकडं एक सालगडी होते. दादांपेक्षा वयानं थोडे मोठे. जनावराच्या पायाखाली बसून त्याचा खूर हातात घेतला की जनावर हलायचं नाही. ते दादांना म्हणाले, "मालक, भवऱ्याला घिऊन काय करायचं? पाय बघा की त्याचे. असा बैल पुना दावणीला यायचा नाई." दादांनी ऐकलं नाही. सालगड्याचं ऐकून पाहुण्याला खोटं पाडायचं, तेही त्या वस्तीतल्या माणसाचं ऐकून, हे त्या वेळी होण्यासारखं नव्हतं. बैल पडेल भावात गेला. भालकीकडच्या एका शेतकऱ्यानं नेला. पुढं नऊ वर्षं त्यानं तो वापरला आणि बाजारात दादा भेटले की हटकून म्हणायचा, "असला असल तर अजून एक द्या."

कानफाट्या नाव पडलं की पडलं, असं आपण म्हणतो. मला वाटायचं ही म्हण माणसाच्या नशिबावर आहे. आता वाटतं ती नाव ठेवणाऱ्यांच्या डोळ्यावर आहे.

त्या सालगड्याचा मुलगा माझ्या वर्गात होता. त्याचं नाव मी लिहीत नाही, दोस्त म्हणतो. त्यांची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. तेव्हा तिला जे नाव होतं ते मला आज लिहवत नाही. आता आम्ही तिला भीमनगर म्हणतो. त्यांच्या घरात चिमणी होती, पण तेल पुरायचं नाही. आमच्याकडं कंदील होता. म्हणून दोस्त रोज रात्री आमच्या ढाळजेत अभ्यासाला यायचा. मी वर बसायचो, तो पायरीवर. कंदील मधे. गणित त्याचं चांगलं, मराठी माझं. माय त्याला भाकरी द्यायची आणि पाणीही, पण पाणी वरून ओतायची. मला त्यात काही चुकतंय असं कधी वाटलं नाही, हेही लिहून ठेवलं पाहिजे. डॉ. बाबा आढाव तोवर 'एक गाव, एक पाणवठा' घेऊन गावोगाव फिरायला लागले होते, पण आमच्या ढाळजेच्या पायरीपर्यंत ते वारं आलं नव्हतं.

१९७७ ला आम्ही दोघं दहावी पास झालो. दादांचा पाय कायमचा अधू झालेला, म्हणून माझं शिक्षण तिथंच थांबलं आणि मी औताच्या मागं लागलो. दोस्त उदगीरला कॉलेजात गेला. आमचा भाग तेव्हा उदगीर तालुक्यात होता आणि जिल्हा उस्मानाबाद. लातूर जिल्हा १९८२ ला झाला, देवणी तालुका त्याच्याही कितीतरी नंतर.

मग आलं १९७८. २७ जुलैला मुंबईत विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला की औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचं. त्यानंतर मराठवाडा पेटला. शेकडो गावांत दलितांच्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली, माणसं रानोमाळ झाली. ४ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांना जिवंत जाळलं. या बातम्या आमच्यापर्यंत एस.टी.च्या कंडक्टरकडून, बाजारातून, अर्ध्या खऱ्या अर्ध्या फुगवलेल्या यायच्या.

आमच्या गावातल्या कुणी औरंगाबाद बघितलेलं नव्हतं. विद्यापीठ म्हणजे काय, तिथं पोरं राहतात की परीक्षा देतात, हे सांगता येईल असा माणूस सगळ्या आळीत नव्हता. त्या विद्यापीठाच्या जवळपास पोचलेला अख्ख्या गावात एकच मुलगा होता, माझा दोस्त, आणि तो खालच्या वस्तीतला. पण नाव बदललं तर आपलं काहीतरी जाणार, असं सगळ्यांच्या मनात बसलं होतं. काय जाणार हे कुणी विचारत नव्हतं. माझंही तेच. माझं तर शिक्षणच संपलं होतं, तरी मला राग आला होता. खरं सांगायचं तर तो राग नावाचा नव्हताच. ज्याला मी कंदिलाचा उजेड दिला तो उदगीरला कॉलेजात जातो आणि मी औताच्या मागं, हा तो राग होता. हे मला तेव्हा कळलं नाही. राग आपलं खरं नाव सांगून येत नाही.

नागपंचमीच्या आधीची गोष्ट. बारीक पाऊस लागून होता, चावडी गळत होती, म्हणून बैठक आमच्या ढाळजेत बसली. वीस-बावीस माणसं. मधे कंदील. कुणी तावातावानं बोललं नाही. उलट गावातले एक जाणते म्हणाले की आपल्या गावात कुणाच्या केसाला धक्का लागता कामा नये, जाळपोळ आपल्याला शोभत नाही. फक्त बंद करायचं. रानात कामाला बोलवायचं नाही, दुकानातून उधार द्यायचं नाही, गिरणीवर दळण घ्यायचं नाही. आम्हाला ते फार सभ्य वाटलं. मारत नाही म्हणजे आपण चांगले, असा सगळ्यांचा हिशोब होता. ज्याच्या घरी सालगडी त्यानं त्याला त्याच रात्री सांगून टाकायचं ठरलं.

मी कंदील घेऊन खालच्या वस्तीत गेलो. दोस्तच दारात आला. उदगीरची कॉलेजं बंद पडल्यामुळं तो घरी होता. मी बाहेरूनच सांगितलं की उद्यापासून कामाला यायचं नाही. आत त्याचे वडील बसले होते. पाडव्याला साल ठरलेलं, उचल घेतलेली, निम्मं साल सरत आलेलं. ते एवढंच म्हणाले, "बैलाला सकाळी पेंड भिजू घातलीया, तेवढी बघा." मी परत आलो.

सात-आठ दिवसांत त्यांनी दोन शेळ्या विकल्या आणि उदगीरवरून रात्रीच्या गाडीनं हैदराबादला, दोस्ताच्या मामाकडं निघून गेले. दोस्ताचं कॉलेज सुटलं. त्या पोळ्याला मी आमच्या बैलांना धुतलं, शिंगं रंगवली आणि बाशिंग बांधायला गेलो तर पवळ्या बैल मान उडवून मला ढालगजासारखा झुंजायला आला. दरवर्षी त्याला बांधणारा हात वेगळा होता.

गावचा बंद मात्र टिकला नाही. दिवस खुरपणीचे होते. मूग, उडीद, ज्वारी गवतात बुडाली. तण काही बैठकीचं ऐकत नाही. तरी सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसले. आपलं रान जाईल, पण आधी मोडणारा मी नको. गाव करी ते राव न करी म्हणतात, पण गाव म्हणजे कोण, तर असे एकमेकांकडं बघणारे वीस-बावीस जण. शेवटी माझी एक चुलत काकी, विधवा, पाच एकरांची धनीण, भर दिवसा खालच्या वस्तीत गेली आणि आठ बाया रोजानं घेऊन आली. तिला विचारायला माणसं गेली. ती म्हणाली, "बैठकीनं येऊन माझं रान खुरपावं, मग मी हिला घालवते." दुसऱ्या दिवशी शेजारच्या एकानं बाया बोलावल्या. तिसऱ्या दिवसापासून कुणाला बैठकीची आठवणच राहिली नाही. एक बाई आणि तिच्या मागं एक माणूस, एवढ्यानं तो बंद फुटला. काकी दहा दिवस आधी उठली असती, किंवा मी, किंवा दादा, तर ते घर गेलं नसतं. हे मी पुष्कळ वेळा मोजून बघितलं आहे.

पुढं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. सोळा वर्षं ते भांडण चाललं. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतलं. किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा दोन महिने झाले नव्हते, आम्ही अजून अंगणात निजत होतो. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. आणि त्याच साली १७ सप्टेंबरला नांदेडला वेगळं विद्यापीठ निघालं, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं. लातूर जिल्ह्यातली कॉलेजं त्याच्याकडं गेली. म्हणजे ज्या नावासाठी आम्ही एका घराची चूल बंद केली, ते नाव आमच्या पोराबाळांच्या मार्कमेमोवर कधी आलंच नाही. आलं असतं तर काय बिघडलं असतं, हे सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

माझी नात लातूरला बी.ए. करते. विषय मानसशास्त्र. दोन वर्षांमागं दिवाळीत घरी आली तेव्हा पुस्तक घेऊन ओसरीवर बसली होती. मी म्हणालो, "काय वाचूलालीस गं?" ती म्हणाली, "आबा, ऐका, तुम्हाला गंमत वाटंल." गंमत काही वाटली नाही, पण ती गोष्ट डोक्यातून गेली नाही.

अमेरिकेत येल नावाचं विद्यापीठ आहे. तिथं १९६१ साली स्टॅनली मिलग्रम नावाच्या प्राध्यापकानं एक प्रयोग मांडला. त्याच वर्षी जेरुसलेममध्ये आइशमनवर खटला चालला होता. लाखो ज्यूंना मरणाच्या छावण्यांत पोचवण्याची व्यवस्था बघणारा हा जर्मन अधिकारी म्हणत होता की मी फक्त हुकूम पाळला. मिलग्रमला बघायचं होतं की साधी माणसं हुकमावर कुठवर जातात. त्यानं पेपरात जाहिरात देऊन माणसं बोलावली. टपालातले, दुकानातले, कारखान्यातले. प्रत्येकाला सांगितलं, तुम्ही मास्तर, पलीकडच्या खोलीत एक शिकणारा आहे, तो चुकला की हे बटण दाबून त्याला विजेचा झटका द्यायचा, आणि दर चुकीला झटका वाढवत न्यायचा. पंधरा व्होल्टपासून साडेचारशेपर्यंत. खरं तर झटका कुणालाच बसत नव्हता. पलीकडचा माणूस सोंग करणारा होता. पण बटण दाबणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. त्याला भिंत ठोकल्याचा आवाज यायचा, मग तोही बंद व्हायचा. माणसं घामाघूम व्हायची, ओठ चावायची, थांबू का विचारायची. शेजारी कोट घातलेला एकजण शांतपणे सांगायचा की पुढं चला.

"आबा, चाळीसातले किती शेवटपर्यंत गेले असतील?" नातीनं विचारलं.

मी म्हणालो, "दोन-चार."

"सव्वीस."

मग तिनं पुढचं वाचलं. त्याच प्रयोगात एकदा मास्तराच्या शेजारी आणखी दोन मास्तर बसवले, तेही सोंगाचे. ते दोघं मधेच उठले आणि म्हणाले, आम्ही नाही करत. तेव्हा चाळीसातले शेवटपर्यंत गेले फक्त चार. मला काकी आठवली. ती आणि तो शेजारी. येलमध्ये दोन, आमच्या गावात दोन.

त्या दिवशी ओसरीवर मी नातीला १९७८ ची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. कधीच कुणाला सांगितली नव्हती. सांगताना गळा भरून आला. म्हणालो, "बघ, मी पण त्या सव्वीसातलाच. दादा म्हणाले, जा, सांगून ये. मी अठरा वर्षांचं पोरगं. बापाचा शब्द. काय करणार होतो? कंदील उचलला आणि गेलो."

आक्का, माझी मोठी बहीण, भाऊबीजेला आली होती. दाराच्या आत कंगोरे पाडत करंज्या लाटत बसली होती. त्या साली ती पंचमीला माहेरी आली होती, आणि बैठक बसली तेव्हा माय आणि ती दाराआड उभ्या होत्या. ती हातातलं न थांबवता म्हणाली,

"दादा कुटं काय म्हणाले?"

मी म्हणालो, "म्हणजे?"

"दादा गपच हुते. समदे त्येंच्याकडं बघूलालते, आन् त्ये जिमिनीकडं. लई येळ कुणी बोललं नाई. मग तूच उठलास. म्हणालास, मी सांगून येताव. आन् कंदील उचललास. आमी समदे अंधारात बसलाव तू माघारी येस्तोर."

मी म्हणालो, "आक्का, तुझ्या ध्यानात नाई."

"माय मरूस्तोर म्हणायची," आक्का म्हणाली, "माझ्या लेकरानं उगं पुढंपुढं केलं."

नात माझ्याकडं बघत होती. मी उठून गोठ्यात गेलो.

त्या रात्री झोप आली नाही. पंचेचाळीस वर्षं माझ्या डोळ्यासमोर दादांचा हात होता, कंदिलाकडं दाखवणारा. त्यांचा आवाज मला ऐकू यायचा. आता तो हात शोधू लागलो तर सापडेना. सापडली ती जाणत्यांची तोंडं, माझ्याकडं वळलेली. पाटलाच्या पोराच्या बरोबरीनं, मोठ्या माणसांत आपलीही गणती व्हावी, ही अठरा वर्षांच्या अंगातली खुमखुमी. आणि पायरीवर बसणारा जो पुढं गेला होता, त्याला पायरी दाखवायची हौस. हुकूम कुणी दिलाच नव्हता. हुकूम मी नंतर तयार केला, दादा गेल्यावर, आणि त्यांच्या तोंडी घातला. मेलेला माणूस नाही म्हणायला येत नाही. भोवरा दिसला की सगळी अपेशं बैलाच्या नावावर टाकणारे आम्ही. मी माझं अपेश बापाच्या नावावर टाकलं.

दोस्ताची आणि माझी गाठ त्याच्या आधी एकदा पडली होती. उदगीरला एका लग्नात. रेल्वेत लागून तो सिकंदराबादहून रिटायर झाला होता. डोक्याचे केस गेलेले, पण हसणं तेच. मी त्याला बाजूला घेऊन म्हणालो होतो, "तवाचं मनात ठिऊ नकू. दादांनी लावून दिलं, माझा नाइलाज हुता." तो काही बोलला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "तू आलास तवा तुझ्या हातात तोच कंदील हुता बग. त्या उजेडात मला तुझं तोंड दिसलं, तुला माझं दिसलं का नाई ठाव नाई." मग त्यानं नंबर दिला, मी घेतला. मला वाटलं त्यानं विषय संपवला.

आक्का बोलून गेल्यावर महिनाभरानं मी त्याला फोन लावला. रब्बीचं पाणी चालू होतं, बांधावर बसूनच लावला. ख्यालीखुशाली झाली. मग म्हणालो,

"दादांनी पाठवलं नव्हतं मला. मीच आल्तो."

तिकडून आवाज आला नाही. मला वाटलं रेंज गेली.

"ठाव हाय," तो म्हणाला.

"कसं काय?"

"तू दारात हुबा राहून काय म्हणालास? दादांनी सांगितलंय असं म्हणाला नव्हतास. म्हणालास, आमी ठरवलंय." थोडं थांबून तो म्हणाला, "बाबा मरेपर्यंत म्हणायचे, मालक स्वता आले असते तर त्येंला बोलवलं नसतं. म्हून पोराला धाडलं. मी त्येंला कधी सांगितलं नाई. त्येंचा तुझ्या दादावर जीव हुता."

मला काही सुचेना. माफी मागायला फोन केला होता, ती तोंडातून निघेना. मागून तरी कुणाच्या पदरात घालणार होतो? त्याचं कॉलेज त्याला मिळणार नव्हतं. त्याचे वडील माझ्या दादांना दोषी धरून गेले, माझ्यामुळं, आणि दादा गप बसल्याचा स्वतःचा दोष घेऊन गेले.

माझ्या मागं मोटारीचं पाणी पाटात पडत होतं. नवी केबल घालायच्या आधीच्या वर्षीची ही गोष्ट. चौकीत हवालदारानं 'कुणावर संशय' विचारलं तेव्हा माझ्या कानात ते दोनच शब्द वाजले होते, आमी ठरवलंय. त्यानंच माझं तोंड मिटलं. शहाणपणानं नव्हे.

फोनवर बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग दोस्तानंच विचारलं,

"बैल हायत का रं अजून दावणीला, का ट्रॅक्टरवरच भागवूलालास?"

"एक जोडी हाय," मी म्हणालो.

"कसले?"

"वानेरे."

"पाठीवर भवरा हाय का?"

मी म्हणालो, "बघितला नाई."

"बघू नकू," तो म्हणाला.